मोडलेली जहाजं मुंबईकडे का वळली?

१७३६ : चिखल

चपला काढून हातात घ्या आणि कपडे गुडघ्याच्या वर खोचा. तुम्ही १७३६ सालच्या मुंबईत उतरला आहात, कोटाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर. ओहोटी लागली आहे आणि पाऊल टाकाल तिथे पोटरीपर्यंत चिखल आहे. पाठीशी कोटाची भिंत. समोर बंदराचं पाणी, त्यात घारापुरीचं बेट आणि पलीकडे उरण-करंजाच्या टेकड्या. इतकं खोल आणि इतका आडोसा असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी आहे. पावसाळ्यात बाहेरचा समुद्र कितीही खवळला, तरी इथे नांगर टाकलेलं जहाज तग धरतं.

पण जहाजाला नुसता आडोसा पुरत नाही. डाव्या हाताला बघा. एक मोठं जहाज चिखलात कुशीवर पाडलं आहे. भरतीच्या वेळी ते किनाऱ्यालगत आणलं, तोफा उतरवल्या, माल उतरवला, तळाशी भरलेले वजनाचे दगडही काढले, मग डोलकाठीला दोर बांधून ते एका अंगाला ओढलं. पाणी ओसरलं तशी त्याची एक कूस उघडी पडली. आता खलाशी बांबूच्या टोकाला गवताच्या पेंढ्या बांधून, त्या पेटवून, जहाजाच्या पोटावरून फिरवताहेत. शेवाळ करपतंय, शिंपल्यांचे थर तडतडत गळून पडताहेत.

अजून जवळ जा. खरवडून साफ केलेल्या फळीवर बोट फिरवा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं हाताला लागतील. बाहेरून ती क्षुल्लक वाटतात, पण आत बोटभर जाडीचे बोगदे आहेत. समुद्रातली लाकूड पोखरणारी अळी इवलीशी असताना फळीत शिरते आणि आतल्या आत वाढत जाते. मुकादम फळीवर हातोडी मारून कान देतो. चांगलं लाकूड ठणकतं, हे मात्र भद्द वाजतं. ही फळी गेली, आणि बहुधा तिच्या शेजारचीही.

फळी बदलायची, तर वेळ कुठे आहे? ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत सहा तास. त्यातही चिखल उघडा राहतो तो थोडाच वेळ. तांडेल हाका मारायला लागला की हत्यारं उचलायची आणि मागे सरायचं. उद्या पुन्हा तेच. एक कूस झाली की जहाज फिरवून दुसरी कूस. एवढं करूनही पठाण, म्हणजे जहाजाचा तळचा कणा, नीट बघायला मिळतच नाही, कारण तो चिखलात रुतलेला असतो. शिवाय जड जहाज असं वारंवार आडवं पाडलं की त्याचे सांधे खिळखिळे होतात. दुरुस्तीच दुखण्याचं कारण होऊन बसते.

किनाऱ्यावर थोडं वर, सागवानाच्या ओंडक्यांपाशी, काही सुतार गुजरातीत बोलताहेत. त्यांच्यातला लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी मिस्त्री याच वर्षी सुरतेहून थोडेसे सुतार बरोबर घेऊन आला आहे. सुरतेत तो जहाजबांधणीच्या कामावर देखरेख करत होता. ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी तिथे जहाज बांधून घ्यायला गेला, त्याने याचं काम पाहिलं आणि त्याला मुंबईला यायची गळ घातली.

सुरत सोडून या चिखलात कोण येईल, असं तुम्हाला वाटेल. सुरत अजून श्रीमंत आहे. तिथे सावकार आहेत, कारागीर आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. पण तापीचं मुख गाळाने भरत चाललं आहे आणि मोठी जहाजं शहरापर्यंत पोचत नाहीत, त्यांना बाहेर सुवाळीच्या किनाऱ्याजवळ थांबावं लागतं. मुंबईकडे पाणी आहे, कसब नाही. सुरतेकडे कसब आहे, पाणी आटत चाललं आहे. लवजीबरोबर आलेली ही चार-दोन हत्यारांची गाठोडी म्हणजे त्या दोन्हींची पहिली गाठ.

१७५० : खडकात खोदलेली जागा

चौदा वर्षं पुढे या. जागा तीच, पण चिखलाच्या जागी आता दगड आहे. किनाऱ्याचा काळा खडक फोडून लांबट, खोल खड्डा केला आहे. त्याच्या दोन्ही बाजू घडीव दगडांनी पायऱ्यापायऱ्यांनी बांधल्या आहेत आणि समुद्राकडच्या तोंडाला लाकडी दरवाजे आहेत. ही मुंबईची पहिली कोरडी गोदी. लवजीच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. पुढच्या काळात तिच्या पोटाशी आणखी दोन बांधल्या जातील, १७६२ मध्ये मधली आणि १७६५ मध्ये खालची.

पायऱ्या उतरून तळाशी जा आणि भिंतीला हात लावा. हा खड्डा खोदताना दिवसातून दोनदा समुद्र आत यायला टपलेला होता. पाथरवट, गवंडी, बिगारी यांनी इथे घड्याळाच्या नव्हे, पाण्याच्या हुकमावर काम केलं. त्यांची नावं कुठल्या कागदावर सापडत नाहीत. त्यांनी बसवलेले दगड मात्र जागेवर आहेत. पावणेतीनशे वर्षांनंतरही ही गोदी भारतीय नौदलाच्या आवारात शाबूत असेल.

या सगळ्या कामाचं मर्म मुंबईच्या भरती-ओहोटीत आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथलं पाणी पंधरा फुटांहून अधिक चढतं-उतरतं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ते सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. जे पाणी चिखलातल्या दुरुस्तीचा शत्रू होतं, त्यालाच या गोदीत कामाला जुंपलं आहे. जहाज आत आणायला भरती, गोदी रिकामी करायला ओहोटी. पंपांचा मोठा खटाटोप न करता समुद्रच गोदी भरतो आणि समुद्रच ती उपसून देतो.

१७५५ : मार्गशीर्षातली रात्र

आता एक पूर्ण रात्र इथे काढा. डिसेंबर १७५५, मार्गशीर्षातली पौर्णिमा. अंगावर काहीतरी पांघरून या, वारा बोचरा आहे. थंडीच्या दिवसांत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा चढी असते, पावसाळ्यात उलट. म्हणून मोठं जहाज आत घ्यायचं तर मध्यरात्र गाठायची.

गोदीचे दरवाजे सताड उघडे आहेत आणि आतलं पाणी बाहेरच्या पाण्याशी एक झालं आहे. चांदण्यात बाहेर एक जहाज उभं आहे, डोलकाठ्या उघड्या, शिडं उतरवलेली. काठावर दोन्हीकडे माणसांच्या रांगा आहेत. जहाजापासून आलेले जाडजूड काथ्याचे दोर त्यांच्या हातांत आहेत. कोणी मोठ्याने बोलत नाही. सगळ्यांचं लक्ष दरवाज्याजवळच्या म्हाताऱ्या कोळ्याकडे आहे. तो काठीने पाणी मापतो.

“थांबा, पानी अजून चढतंय.”

तुम्हीही दोर धरा. तळव्याला काथ्या बोचेल, धरून ठेवा. थोड्या वेळाने म्हातारा काठी वर करतो आणि सारंगाची हाळी उठते. दोर ताणले जातात. जहाज हललं की नाही, ते प्रथम कळतही नाही. मग त्याची नाळ दरवाज्याच्या चौकटीत शिरते आणि भिंत व लाकूड यांच्यामध्ये हातभर फट उरते. उजव्या बाजूने जरा जास्त ओढलं तर फळ्या दगडावर घासतील, डाव्या बाजूने ढिलाई झाली तर शेपूट फिरेल. घाई केली तर नुकसान, उशीर केला तर पाणी उतरायला लागेल आणि जहाज उंबऱ्यावर बसेल. उंबऱ्यावर बसलेल्या जहाजाचा कणा ओहोटीत मोडू शकतो.

जहाज आत येतं. दरवाजे लागतात. आता पुढचे सहा तास पहाटेचे, आणि खरी कसोटी त्यांत आहे. पाणी ओसरत जाईल तसं जहाज खाली बसणार आहे. तळाशी ओंडक्यांची रांग आधीच मांडून ठेवली आहे. पठाण त्या ओंडक्यांवर नेमका टेकला पाहिजे. भिंतींच्या पायऱ्यांवर सुतार उभे आहेत. पाणी एक पायरी उतरलं की ते लाकडी टेकू जहाजाच्या कुशीला लावतात, दुसरं टोक भिंतीच्या पायरीवर रोवतात आणि पाचर ठोकतात. डावीकडे एक, उजवीकडे एक, जोडीजोडीने. एका बाजूचा टेकू आधी घट्ट झाला तर जहाज कलेल. लवजी काठाकाठाने फिरतोय, प्रत्येक पाचरीवर हात ठेवून बघतोय.

बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की भिंतीतल्या मोरीचं झाकण उघडतात आणि गोदीतलं पाणी खळाळत समुद्रात जातं. बाहेर पुन्हा भरती लागण्याआधी ते झाकण बंद करायचं. मग चढणारं पाणी बाहेरून दरवाज्यांना दाबतं आणि समुद्राच्याच जोराने दारं अधिक घट्ट बसतात.

तांबडं फुटताना पायऱ्या उतरा. तुम्ही समुद्राच्या पातळीखाली, कोरड्या दगडावर उभे आहात आणि डोक्यावर अख्खं जहाज आहे. वर बघा. नाळेपासून सुकाणूपर्यंत, दोन्ही कुशी, पूर्ण पठाण. चिखलात जे कधीच दिसलं नसतं ते सगळं उजेडात आहे. पाणी ठिबकतंय, शेवाळाचा उग्र वास येतोय, एका फटीत अडकलेला खेकडा वाट शोधतोय. आणि आता सहा तासांची घाई नाही. पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा हाताशी आहे, लागला तर त्यापुढचाही.

काम सुरू होतं. आधी खरवडणं आणि जाळणं, मग हातोडीचा ठोका देत फळीन्‌फळी ऐकणं. गेलेल्या फळीवर खडूची खूण. ती पटाशीने सोडवून काढायची, आतल्या बरगडीला कीड आहे का ते पाहायचं, मग नवं सागवान. वाकसाने तासताना उडणारी एखादी ढलपी उचलून नाकाशी धरा. सागाचा तेलकट, कडवट वास येईल. त्या तेलातच त्याचं मोल आहे. विलायती ओकच्या लाकडातला आम्ल रस लोखंडी खिळ्यांना गंज चढवतो, सागाचं तेल उलट लोखंड जपतं. ओकचं जहाज जिथे कुजायला लागतं, तिथे सागवानी जहाज पुढच्या पिढीच्या हाती जातं.

दोन सुतार नवी फळी बसवताहेत, ते नीट पाहून घ्या. ही सुरतेची रीत आहे. फळीच्या कडेला सरळ घाव न देता खाच पाडतात आणि शेजारच्या फळीचा दात त्या खाचेत बसवतात. मधल्या सांध्यात राळ आणि तेलाचं मिश्रण, त्यावर कापसाचा पातळ थर, मग मोगरीने ठोकून दोन्ही फळ्या एकजीव. राळेची कढई कोपऱ्यात रटरटतेय, धुराने डोळे चुरचुरतात. शेवटी पाण्याखालच्या भागावर चुना आणि तेल घोटून केलेला लेप. हा लेप वाळून दगडासारखा टणक होतो आणि अळीला दाद देत नाही.

हे जहाज कुठे निघालं आहे, हे विचारल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही. बंदरात बाहेर अॅडमिरल वॉटसनचं आरमार नांगरलेलं आहे. गेल्या महिन्यात ते इथे आलं, दुरुस्ती आणि साफसफाई करून घेतंय. ७ फेब्रुवारी १७५६ ला ते दक्षिणेकडे निघेल. १२ तारखेला विजयदुर्गासमोर उभं राहील. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागेल, एकापासून दुसऱ्याला, आणि तुळाजी आंग्र्यांचं बंदरात बांधून ठेवलेलं जवळजवळ सगळं आरमार त्या आगीत जळून जाईल. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज इंग्रजांच्या मदतीला असेल.

इथे काळजात कळ येते, आणि ती यायलाच हवी. समुद्रावर इंग्रजांना धाक बसवणारी कान्होजी आंग्र्यांची परंपरा आपल्याच लोकांनी परक्याच्या हातून संपवली. पण गोदीच्या तळाशी उभं राहून आणखीही एक गोष्ट दिसते. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत, गिऱ्याला, आंग्र्यांचीही खडकात खोदलेली गोदी होती. दगड त्यांच्याकडे होता, सागवान होतं, सुतार होते, भरती-ओहोटी हीच होती. आनंदराव धुळपांनी पुढे त्याच विजयदुर्गात पुन्हा आरमार उभं केलं आणि १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडून आणलं. म्हणजे कसब कमी पडलं नव्हतं. त्या गोदीला व्यापाराची साथ नव्हती. तिथे आंग्र्यांची जहाजं दुरुस्त होत. परका व्यापारी स्वतःचं जहाज घेऊन, पैसे मोजून, तिथे येत नव्हता. सत्ता डळमळली की गोदीचा आधार जात होता. मुंबईची गोदी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर पोट भरायला शिकत होती.

१७६४ : येमेनचं जहाज

नऊ वर्षं पुढे या. दुसरी गोदी चालू झाली आहे, तिसरीचं काम चाललं आहे. काठावर एक युरोपियन माणूस वहीत टिपणं काढतोय. हा कार्स्टेन निबूर, डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी पाठवलेल्या मोहिमेतला मोजणीदार. मोहिमेतले त्याचे सगळे सोबती एकेक करून आजाराने दगावले. शेवटचा इथे मुंबईतच. उरलेला हा एकटा दिसेल ते मोजतो आणि लिहून ठेवतो.

त्याच्या खांद्यावरून डोकावा. मुंबईत बघण्याजोगं काय, याचं उत्तर म्हणून तो या गोदीबद्दल लिहितोय: खडकात खोदलेली, एका वेळी दोन जहाजं घेणारी, आणि परक्या जहाजांकडून कंपनी तिचं भाडं जबरदस्त घेते. मग त्याच्या नजरेचा माग घ्या. गोदीत उभं असलेलं जहाज येमेनचं आहे. सनाच्या इमामाने आपली ही युद्धनौका केवळ दुरुस्तीसाठी अरबी समुद्र ओलांडून मुंबईला पाठवली आहे.

या जहाजापाशी जरा जास्त वेळ थांबा, कारण साऱ्या गोष्टीचं सार इथे आहे. माल घेऊन जहाज कुठेही जातं. भाव चांगला मिळाला की पुरे. पण ज्याचं जहाज गळतंय तो तांडेल धोका पत्करून निघतो आणि जिथल्या हातांवर त्याचा भरवसा आहे तिथेच जातो. तिथे जागा मिळेल, लाकूड मिळेल, फसवणूक होणार नाही आणि जहाज पुन्हा समुद्रात उतरेल, याची त्याला खात्री हवी असते. बंदराची पत यातून ठरते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्यावर तुम्ही पोटरीभर चिखलात उभे होता, तिथे आज परका राजा आपली युद्धनौका विश्वासाने पाठवतो.

आणि तो विश्वास दगडावर नव्हता. लवजी १७७४ मध्ये वारला. त्याच्या जागी मुलगे माणेकजी आणि बोमनजी आले, त्यांच्यानंतर नातू फ्रामजी आणि जमशेटजी. गव्हर्नर बदलले, युद्धं झाली, पण गोदीत उभा राहून फळीवर हातोडी मारणारा माणूस त्याच घरातला राहिला. कुठलं जहाज कधी आलं होतं, कुठे गळत होतं, कुठली बरगडी बदलली होती, हे त्या घराला ठाऊक असे.

१७८३ : दोन आरमारं

हा मुक्काम छोटा आहे, पण चुकवू नका. १७८२ च्या वर्षभरात बंगालच्या उपसागरात इंग्रज अॅडमिरल एडवर्ड ह्यूज आणि फ्रेंच सेनानी सुफ्रां यांच्या चार लढाया झाल्या. दोघांचीही जहाजं खिळखिळी झाली. सुफ्रां लढवय्या म्हणून सरस होता, पण हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर फ्रेंचांकडे अशी गोदी नव्हती. हिवाळ्यात त्याला पार सुमात्रातल्या अचेहपर्यंत जावं लागलं आणि हाती लागेल ते वापरून डागडुजी करावी लागली. मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावरही आडोसा नाही, म्हणून ह्यूज अख्खं द्वीपकल्प वळसा घालून मुंबईला आला.

गोदीच्या काठावर उभे राहा आणि एकामागून एक आत येणारी ती फाटकी जहाजं बघा. तुटलेल्या डोलकाठ्या, गोळ्यांनी भोसकलेल्या कुशी. उन्हाळ्यापर्यंत ती दुरुस्त होऊन पुन्हा पूर्व किनाऱ्यावर जातील. रणांगणावर निकाल लागत नव्हता, तेव्हा कोणाचं आरमार तरंगत राहतं हे इथल्या सुतारांच्या हातात होतं.

१८१७ : ‘त्रिंकोमाली’

आणखी चौतीस वर्षं. तारीख १२ ऑक्टोबर १८१७. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाच्या दोन नव्या, मोठ्या गोद्या १८०७ आणि १८१० मध्ये झाल्या आहेत. जमशेटजी बोमनजी इथले मुख्य मिस्त्री आहेत. १८१० मध्ये त्यांनी ‘मिंडेन’ ही मोठी युद्धनौका बांधून उतरवली. ब्रिटिश आरमाराने आपल्या देशाबाहेर बांधून घेतलेली या वर्गातली ती पहिली. आज ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरते आहे. गेल्या वर्षी तिचा पठाण मांडला तेव्हा पारशी रीतीने त्यात चांदीचा खिळा ठोकला होता.

दुरुस्तीच्या गोदीतून जहाजं बांधणारी गोदी कशी झाली, याचं उत्तर तुम्ही आतापर्यंत पाहिलं आहे. ऐंशी वर्षं या लोकांनी जगभरची जहाजं उघडून पाहिली. कोणती फळी आधी कुजते, कुठला सांधा आधी सुटतो, तोफांच्या वजनाने कणा कुठे वाकतो, हे त्यांना इतरांच्या चुकांतून कळलं. नवं जहाज बांधताना ते सगळं ज्ञान कामी आलं. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे.

आणि पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई होणार आहे. पुढच्या वर्षी पेशवाई संपेल. गोदीच्या काठावर उभ्या असलेल्या मराठी माणसाला आनंद आणि दुःख एकाच वेळी व्हावं असा हा ऑक्टोबर आहे. इथल्या हातांचं कसब जगात नाव काढतंय, पण ते कसब कोणासाठी राबायचं हे ठरवण्याचा अधिकार इथल्या माणसांकडे उरलेला नाही.

वाफ, लोखंड आणि आज

इथून पुढे भराभर चला. वाफेची जहाजं येतात. वाडिया घराण्यातलाच अर्देशिर करसेटजी यंत्रविद्या शिकतो, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो होणारा पहिला भारतीय ठरतो आणि मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचा मुख्य इंजिनियर होतो. लाकडाचा जमाना सरतो, सुतारांच्या जागी बॉयलरवाले, रिवेट ठोकणारे, फिटर येतात. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडतो, जहाजं लांब आणि रुंद होतात, जुन्या गोद्या त्यांना अपुऱ्या पडतात. १८९१ मध्ये मेरवेदर गोदी होते आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉकमध्ये, म्हणजे आताच्या इंदिरा डॉकमध्ये, एक हजार फूट लांब आणि शंभर फूट रुंद अशी ह्यूज गोदी. हे नाव अॅडमिरलचं नव्हे; माणूस वेगळा आहे.

आता आजच्या मुंबईत उतरा. मुंबईचा जुना किल्ला, ज्याच्या सावलीत ही सारी गोष्ट घडली, तिथे नौदलाचा तळ आहे आणि त्याचं नाव आहे ‘आय. एन. एस. आंग्रे’. शेजारच्या नौदल गोदीत २०१९ मध्ये विमानवाहू जहाज मावेल एवढी कोरडी गोदी चालू झाली. त्याच वर्षी ह्यूज गोदीत कोचीन शिपयार्डने व्यापारी जहाजांच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं. मेटाकुटीला आलेल्या जुन्या गोदीला पुन्हा काम मिळालं, ही मनापासून आनंद वाटावा अशी गोष्ट आहे.

ह्यूज गोदीच्या तळाशी उतरलात तर १७५५ सालची पहाट ओळखीची वाटेल. सागवानाच्या जागी पोलाद आहे, राळेच्या कढईच्या जागी वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि पाणी पंप उपसतात. पण ओंडक्यांवर टेकलेला कणा तोच आहे आणि कुशीवर ठोका देऊन कान देणारा माणूसही तोच आहे. आता त्याच्या हातात पत्र्याची जाडी मोजणारं यंत्र असतं. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर तो आजही खडूनेच खूण करतो.

तरीही भारतीय मालकांची कितीतरी जहाजं दुरुस्तीसाठी कोलंबो, दुबई, सिंगापूर गाठतात. येमेनचं जहाज ज्या कारणासाठी मुंबईला आलं, नेमक्या त्याच कारणासाठी आपली जहाजं बाहेर जातात: गोदी वेळेवर मिळेल, सुटे भाग मिळतील, सांगितलेल्या तारखेला जहाज बाहेर पडेल, हा भरवसा. दुरुस्तीसाठी उभं असलेलं जहाज मालकाला रोज पैसे कमावून देत नाही, उलट रोज खर्च करतं. त्यामुळे भाड्यात थोडी सूट दिली म्हणून तो येत नाही. तारीख पाळली जाते तिथेच तो जातो.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यावरून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मनात काळजी आहे आणि ती खरी आहे. बंदर उभं राहणारच असेल, तर त्यात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनइतकीच दुरुस्तीची गोदीही पहिल्या नकाशापासून असली पाहिजे. क्रेन चालवायला दिवसेंदिवस कमी माणसं लागतील, कारण ते काम यंत्र करतं. जहाज दुरुस्त करायला मात्र वेल्डर, फिटर, पाइपवाले, रंगारी, वीजतंत्री आणि पाणबुडे लागतात, आणि प्रत्येक जहाजाचं दुखणं निराळं असल्यामुळे हे काम यंत्राच्या हवाली करता येत नाही. डहाणू, पालघर, वसई, अलिबाग, रत्नागिरी इथल्या आय. टी. आय. मधल्या मुलामुलींना गोदीत उमेदवारी करायला मिळाली, तर बंदराचा पैसा किनाऱ्यावरच्या घरांत पोचेल. ज्या कोळ्याच्या मुलाला भरतीची वेळ तोंडपाठ आहे त्याला या कामात परकं वाटणार नाही.

खडक फोडायला काही वर्षं लागतात आणि पैसा असला की ते होतं. हात तयार व्हायला पिढी लागते. लवजी सुरतेहून आला तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर सुतार होते आणि त्यांना काम कायम मिळत राहिलं, म्हणून ते इथले झाले. कंत्राट संपलं की घरी पाठवलेल्या माणसांतून अशी परंपरा उभी राहत नाही. नव्या गोदीचा आराखडा करणाऱ्यांनी भिंतीची उंची आणि दरवाज्याची रुंदी ठरवताना, तिथे तीस वर्षं टिकून राहणाऱ्या पाचशे कारागिरांच्या शिक्षणाची, पगाराची आणि घरांची तरतूदही त्याच कागदावर करावी. जहाजं त्यांच्या भरवशावर येतात.